तिसऱ्यांदा विचारल्यावर

मार्नी टॉलेफसनला 'नाही' म्हणता येत नाही, हे हॉल्वर क्रीक गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या सोयीचं होतं. चर्चच्या तळघरात जेवणावळ असली की भांडी मार्नी घासणार. शेजारच्या स्कोगबाई थंडीत फ्लोरिडाला पळाल्या की त्यांच्या मांजरीला मार्नी खायला घालणार, मग मांजरीने हात ओरबाडून काढले तरी बेहत्तर. दुसरीत असताना एका मुलाने तिची लाल पेन्सिल मागितली, हिने दिली. मग खोडरबर मागितलं, तेही दिलं. मग तो म्हणाला, "आता तुझ्याकडे काय राहिलंय?" तर ही दप्तरात डोकं घालून शोधायला लागली.

तसं मिनेसोटाच्या आमच्या कोपऱ्यात कुणालाच धड 'नाही' म्हणता येत नाही आणि धड 'हो'ही म्हणता येत नाही. कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, "नको नको, आत्ताच झाली." दुसऱ्यांदा विचारली की, "छे, माझ्यासाठी कशाला त्रास!" तिसऱ्यांदा विचारली की मात्र घ्यायचीच. तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. ताटलीतली शेवटची चॉकलेटची वडी कुणी उचलत नाही. एक जण अर्धी करतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी करतो, आणि संध्याकाळी यजमानीण बाई मुंगीलाही पुरणार नाही असा कण धुऊन टाकते. कुणाचा फारच राग आला तर ओठ आवळून म्हणायचं, "वेगळंच आहे, नाही?" आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

मार्नीचं गणित यातही उलटं. जे हवं असायचं त्याला ती तिन्ही वेळा नको म्हणायची, आणि जे नको त्याला पहिल्याच खेपेला "हो, का नाही!"

शाळेच्या वादसभेत ती आली तीही अशीच. तिची मैत्रीण शेल्बी क्रॉग. शेल्बी आमच्यात अपवादाने जन्माला आलेली. ती विचारत नाही, कळवते. शाळा सुरू झाल्याझाल्या तिने कळवलं, "मार्नी, तू येतेयस. संसद-संसद खेळायचं. कोट लागतो, आईचा घे."

शिकवायला ऑडेगार्ड सर. सर मूळचे सुतारकामाचे. कानावर कायम पेन्सिल, आणि दर दोन वाक्यांनी "तसं बघायला गेलं तर". पहिल्या दिवशी त्यांनी नवख्यांना समजावलं ते असं:

"हे बघा. वॉशिंग्टनला मोठी माणसं करतात तेच करायचं, फक्त जरा नीट. वर्ग म्हणजे सभागृह. तुम्ही प्रतिनिधी. नाव लिहिलेला पुठ्ठा समोर ठेवायचा. विधेयकं तुमच्यासारख्याच पोरांनी लिहिलेली. एकाने उठून बाजूने बोलायचं, तीन मिनिटं. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. मग एकाने विरोधात. मग बाजूने. मग विरोधात. तसं बघायला गेलं तर करवत आहे ही. पुढे-मागे, पुढे-मागे. नुसती पुढेच रेटलीत तर लाकूड कापलं जात नाही, तुम्ही मात्र घामाघूम."

"आणि सर, आधी कोण बोलणार?" शेल्बीने विचारलं.

"बोलायचं असेल त्याने पुठ्ठा वर करायचा. सभापती तुमच्यातलाच, तुम्हीच निवडलेला. त्याच्या हातात हातोडी. पण त्याला लाडकं-दोडकं करता येत नाही. जो सगळ्यांत कमी वेळा बोललाय त्याला पहिला मान. दोघे सारखेच बोललेले असतील, तर ज्याला बोलून जास्त वेळ झालाय तो. ज्याच्या पानात काही पडलं नाही त्याला आधी वाढायचं, एवढंच."

मार्नीला हा नियम फार आवडला. गप्प बसणाऱ्याची आठवण ठेवणारा नियम तिने तोवर कुठे पाहिला नव्हता.

पण त्यासाठी पुठ्ठा वर करावा लागतो. मार्नीचा पुठ्ठा हनुवटीच्या वर जायचा नाही. शेजारच्याने केला की तिचा आपोआप खाली. "आधी तू बोल ना." दर शनिवारी बस कुठल्यातरी गावी जायची, मार्नी आईच्या कोटात आणि बर्फाच्या बुटांत दिवसभर बसायची, मान डोलवायची, आणि न बोलता परत यायची. भाषणं तिच्याकडे असायची, आणि सगळी बाजूने. विरोधात लिहायचं म्हणजे कुणीतरी दुखावणार. ती भाषणं ती गॅरेजमध्ये बीन्सला म्हणून दाखवायची. बीन्स हा तिचा म्हातारा कुत्रा. त्याच्यापुढे उभी राहिली की ही पोरगी निराळीच व्हायची. आवाज चढायचा, हात हलायचे, मध्येच थांबून ती अशी बघायची की बीन्सलाही मत द्यावंसं वाटावं. आठवडाभर ती त्या गॅरेजसाठी जगायची, म्हटलं तरी चालेल.

आणि मग व्हर्लिन काकाने तिला टर्कींसाठी मागितलं.

व्हर्लिन काकाच्या टर्कींच्या, म्हणजे ख्रिसमसला खातात त्या थोराड पक्ष्यांच्या, लांबलचक शेड आहेत. माणूस मोजकं बोलतो. 'हो' म्हणायचं तर श्वास बाहेर सोडत नाही, आत ओढतो. "ह्याऽ." नवख्याला वाटतं याला चटका बसला. त्याचा गडी नोकरी सोडून शहरात गेला, तेव्हा तो टॉलेफसनांच्या स्वयंपाकघरात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि म्हणाला, "शनिवारी येशील का गं पोरी? हिवाळाभर. पैसे देईन."

"हो, का नाही!" मार्नी म्हणाली. पहिल्याच खेपेला.

काका म्हणाला, "ह्याऽ."

तो उठून गेल्यावर मार्नीला कळलं की तिने वादसभेचा गळा स्वतःच्या हाताने दाबला. फक्त येता शनिवार तेवढा तिने कसाबसा मागून घेतला होता. त्यानंतर टर्की.

शेल्बीला हे कळलं ते त्या शेवटच्या शनिवारी, बसमध्ये. बाहेर अजून फटफटलं नव्हतं, खिडकीवर आतून बर्फ धरला होता.

"म्हणजे तू आम्हाला सोडून टर्कींकडे चाललीस?"

"काका अडचणीत आहे."

"तू एकदाही बोलली नाहीस, मार्नी! एकदाही! कबरीवर काय लिहायचं तुझ्या? 'हिने मान डोलवली'?"

"आज बोलेन."

"आज माझं विधेयक आहे. माझ्या बाजूने बोल. सोपं आहे, कुत्र्यांचं आहे."

शेल्बीचं विधेयक असं: देशातल्या प्रत्येक सरकारी शाळेला एकेक कुत्रा द्यावा, मुलांनी त्याला थोपटावं आणि त्यांचं मन हलकं व्हावं. मार्नीने त्याच्या बाजूने भाषण लिहिलं होतं. बीन्सने ते ऐकूनही घेतलं होतं.

सभागृह म्हणजे एका मोठ्या शाळेतला भूगोलाचा वर्ग. सगळे नवखेच. वरून कोट-टाय, खालून बर्फाचे बूट. सभापती म्हणून सेंट पॉलच्या पाकू व्हांगला निवडलं. ठेंगणीठुसकी, पण हातोडी अशी धरायची की खिळाच ठोकणार. मागच्या बाकावर परीक्षक, कुणाचे तरी वडील, अंगात मासेमारीचं जाकीट. आणि शहराबाहेरच्या श्रीमंत वस्तीतला ग्रेहॅम व्हिटलॉक. हा पोरगा नुसतं "नमस्कार" म्हणताना दोन्ही हातांनी हवेत अदृश्य खोकं धरायचा. "माननीय सभापती, सन्माननीय सभागृह, आज मी आपणापुढे (खोकं डावीकडे) केवळ एक विधेयक नव्हे (खोकं उजवीकडे) तर एक स्वप्न ठेवतो आहे." विधेयक पेन्सिलींच्या आयातकराचं होतं.

पहिली दोन विधेयकं झाली. सगळ्यांनी एकेकदा बोलून घेतलं. मार्नी सोडून.

मग शेल्बी उठली. तिने कुत्र्यांवर असं काही भाषण केलं की परीक्षकाने जाकिटाच्या बाहीने डोळे टिपले. प्रश्न आले तेही लाडाचेच. "कुत्र्याचं नाव शाळेने ठेवायचं का?" "त्याला शाळेचा रंगीत पट्टा मिळेल का?"

पाकूने हातोडी आपटली. "आता विरोधात. कुणी आहे?"

कुणी नाही. कुत्र्याच्या विरोधात कोण बोलणार? बाजूने बोलणारे डझनभर पुठ्ठे मांडीवर तयार, पण नियम म्हणजे नियम. विरोधात कुणीतरी बोलल्याशिवाय करवत मागे येत नाही. सगळे एकमेकांकडे बघून हसले. कुणीतरी पुटपुटलं, "तुम्ही बोला ना." "छे छे, तुम्ही."

"विरोधात कुणी?" पाकूने दुसऱ्यांदा विचारलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. चर्चाच झाली नाही तर परीक्षक सभापतीचेही गुण कापतो.

व्हिटलॉक उठला, खोकं धरून. "माननीय सभापती, विरोधच नसेल तर चर्चा संपवून मतदान घ्यावं, असा माझा प्रस्ताव..."

"एक मिनिट, प्रतिनिधी व्हिटलॉक." पाकूने सभागृहावरून नजर फिरवली. ती नजर नेमकी मार्नीवर येऊन थांबली, आणि ती अगदी काकुळतीने म्हणाली, "मी शेवटचं विचारते. विरोधात कुणी आहे का?"

तिसऱ्यांदा!

मार्नीचा हात वर गेला. तिने नेला नाही, तो गेला. जन्मल्यापासून जे अंगात मुरलंय ते असं ऐनवेळी बाहेर येतं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचंच, कॉफी असो की कुत्र्याचा विरोध. पुठ्ठा हनुवटीच्या कितीतरी वर होता.

"प्रतिनिधी टॉलेफसन," पाकूचा जीव भांड्यात पडला, "आपण अजून एकदाही बोललेल्या नाहीत. पहिला मान आपलाच."

शेल्बीचं तोंड उघडं ते उघडंच. मार्नी फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. हातात भाषण होतं, पण ते कुत्र्यांच्या बाजूने. तिने ते दुमडून कोटाच्या खिशात घातलं. कुणीतरी खोकलं. कोपऱ्यात हीटर खडखडला.

"आमच्या घरी बीन्स आहे," ती म्हणाली. "कुत्रा."

सगळ्या वर्गातून "ओऽऽ" असा लाडिक आवाज आला.

"तो फार गुणी आहे. सगळे म्हणतात. ख्रिसमसला माझी सगळी भावंडं येतात आणि दिवसभर त्याला थोपटतात. कान ओढतात, टोपी घालतात, त्याच्यावर डोकं ठेवून टीव्ही बघतात. तो शेपटी हलवतो. आणि जांभया देतो. एकामागून एक. मग हळूच उठून जिन्याखाली जाऊन बसतो. मला वाटायचं, झोप आली बिचाऱ्याला." ती थांबली. गॅरेजमध्ये थांबायची तशी. "जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की ती झोप नाही. कुत्र्याला नको झालं की तो जांभया देतो. चावणारा कुत्रा चावतो. न चावणारा जांभया देतो."

आता कुणी लाडिक आवाज काढला नाही.

"या विधेयकाच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की कुत्रा शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत सगळ्यांसाठी हजर असेल. आमची शाळा लहान आहे, तरी पोरं भरपूर आहेत. इथली तर केवढी! त्याची सुट्टी कुठल्या कलमात आहे? त्याला नको असेल तर त्याने कुणाला सांगायचं? तो चावत नाही म्हणून त्याला चालतं, असं आपण धरून चालतो. विचारतच नाही. आणि जो कधी नाही म्हणत नाही, त्याच्याच गळ्यात..."

इथे ती गप्प झाली. आपण काय बोलतोय ते तिच्याच कानावर पडलं होतं. मान लाल झाली, मग कान. हातोडीचा एक ठोका पडला: मिनिट उरलं.

"त्याच्याच गळ्यात सगळं पडतं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला हळूच उठून जिन्याखाली जाता आलं पाहिजे. आज या विधेयकात जिना नाही. म्हणून माझा विरोध आहे."

प्रश्नांसाठी पहिला पुठ्ठा वर गेला तो अर्थातच शेल्बीचा. ती गोड हसली. शेल्बी गोड हसली की समजावं, आता काही खरं नाही.

"प्रतिनिधी टॉलेफसन, आपल्याला कुत्रे आवडत नाहीत, असं सभागृहाने समजायचं का?"

मार्नीच्या जिभेवर सवयीने "हो, समजा की" आलंच होतं. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायचं, ही तिची आयुष्यभराची रीत.

"नाही," ती म्हणाली.

शब्द एवढासा होता. पण बाहेर पडला, आणि छत काही कोसळलं नाही.

"नाही. आवडतात म्हणूनच बोलतेय."

व्हिटलॉकने खोकं उचललं. "मग सन्माननीय प्रतिनिधींना कुत्र्याऐवजी मांजर चालेल का?"

"चालेल. मांजर 'नाही' म्हणते." मार्नीने बाही वर करून स्कोगबाईंच्या मांजरीचे ओरखडे दाखवले. "अगदी स्पष्ट म्हणते."

अख्खा वर्ग खो खो हसला. परीक्षकसुद्धा. आणि मग पुठ्ठेच पुठ्ठे! एक म्हणाला, कुत्रा अर्धाच दिवस ठेवा. दुसरी म्हणाली, अर्धा दिवस तरी का? करवत पुढे-मागे, पुढे-मागे, भुसा उडायला लागला. शेवटी खुद्द व्हिटलॉकने दुरुस्ती सुचवली: प्रत्येक शाळेत कुत्र्यासाठी शांत जागा हवी, आणि तो तिथे गेला की त्याला कुणी हाक मारायची नाही. दुरुस्ती झाली, विधेयक भरघोस मतांनी मंजूर झालं. दुरुस्तीनंतर मार्नीनेही बाजूनेच हात वर केला.

शेल्बीचा नंबर वरचा आला. मार्नीचा मधलाच कुठलातरी. तरी परतीच्या बसमध्ये शेल्बी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"तुझं भाषण," ती काचेला म्हणाली, "वेगळंच होतं."

मार्नीने विचारलं, "राग आला?"

"माझ्या विधेयकाविरुद्ध! सगळ्यांत सोप्या विधेयकाविरुद्ध! सगळा हंगाम तोंड शिवून बसलीस आणि सुटलीस ती माझ्यावर?" मग ती वळली, आणि तिचं तोंड रागाचं राहीना. "जिना नाही म्हणे. कुठून आणलंस ते?"

"माहीत नाही."

पुढच्या सीटवरून ऑडेगार्ड सरांनी वड्यांचा डबा मागे सरकवला. त्यांच्या बायकोच्या हातच्या, वर कॅरामेल. "खाऊन टाका. तसं बघायला गेलं तर..." ते एवढंच म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून उगाच न्याहाळत बसले.

डबा फिरत फिरत मार्नीपाशी आला तेव्हा एकच वडी उरली होती. तीही कुणीतरी अर्धी केलेली. शेल्बीने रिवाजाप्रमाणे नख लावून तिची पाव करायला घेतली.

मार्नीने ती उचलली आणि अख्खी तोंडात टाकली.

शेल्बीचं नख हवेतच राहिलं. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "अगं बाई!"

शाळेच्या आवारात बस शिरली तेव्हा अंधार पडला होता आणि दिव्याखाली व्हर्लिन काकाचा ट्रक धुरकट श्वास सोडत उभा होता. मार्नी आत बसली. काकाने मागच्या सीटवरून एक खोकं काढलं, खरंखुरं.

"बूट," तो म्हणाला. "रबरी. तुझ्या मापाचे. शेडमध्ये लागतील."

बूट हिरवे होते, कोरे करकरीत. मार्नीने ते मांडीवर घेतले. यापेक्षा काकाने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"शनिवारी पहाटे न्यायला येतो," काका म्हणाला.

"काका," मार्नी म्हणाली, "शनिवारी मला येता येणार नाही. वादसभा असते. मला तिकडे जायचंय."

काकाने गियर टाकला. वायपर एकदा फिरला.

"अर्धा दिवस?"

"नाही."

ट्रक आवाराबाहेर पडला. धान्याच्या कोठारांवरून पुढे, चर्चवरून पुढे. मार्नीला माहीत होतं काय येणार ते. ती बुटांचे कडक काठ धरून बसली.

"म्हणजे," काका म्हणाला, "नक्की येणार नाहीस?"

हीच ती तिसरी खेप. तिच्या आईने, आजीने, त्या आजीच्या आईने इथे मान तुकवलेली. मार्नीला जांभई आली. खरोखरीची, मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. ती जांभई तिने ओळखली.

"नाही, काका," ती म्हणाली. "शनिवारी नाही. रविवारी चर्चनंतर येते. हे मी आपणहून सांगतेय, तू विचारलंस म्हणून नाही."

काकाने एक वळण घेतलं. मग काकाने श्वास आत ओढला.

"ह्याऽ." आणखी थोडा रस्ता गेला. "मग आधीच का नाही सांगितलंस? मी म्हटलं, दोनतीनदा विचारावं लागेल पोरीला. तू तर पहिल्याच खेपेला हो म्हणालीस. मला वाटलं, हिला टर्की फारच आवडतात."

मार्नी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला असं वाटलं?"

"तुझ्या काकूला सांगितलंसुद्धा. म्हटलं, वेड आहे पोरीला. म्हणून तर बूट आणले."

तिच्या घरापाशी ट्रक थांबला. गॅरेजच्या दारामागून बीन्सचं भुंकणं ऐकू आलं. मार्नीने बुटांचं खोकं त्याच्यापुढे धरलं.

"ठेव ठेव," काका म्हणाला. "रविवारीही तिथे तेवढीच घाण असते." मग टोपी जरा मागे सारून त्याने तिच्याकडे पाहिलं. "पण थोड्या तरी आवडतात ना? टर्की?"

"नाही," मार्नी म्हणाली, आणि हिरवे बूट काखेत मारून हसत हसत उतरली.